मंगळवारची कॉफी

क्रीम बुडालं.

चमच्याच्या पाठीवरून ते नेहमीसारखं सावकाश उतरलं, क्षणभर कॉफीवर टेकलं आणि मग पांढऱ्या रेघा सोडत सरळ तळाला गेलं. ग्लासात उरली गढूळ, मातकट कॉफी. आमच्या यांनी चमचा हवेत तसाच धरून ठेवला. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पटकन ग्लास पुढे ओढला आणि मोठा घोट घेतला.

"फक्कड झालीय," मी म्हटलं.

"वर राहिलं नाही."

"नाही राहिलं तर नाही. मला अशीच आवडते, ढवळलेली."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी ही कॉफी एकदाही ढवळली नव्हती. ढवळली असती तर यांनी मला घराबाहेर काढलं असतं. वरचं गार क्रीम आधी ओठांना लागलं पाहिजे आणि त्याच्याखालून गरम कॉफी आली पाहिजे, असा यांचा दंडक. यात चमचा फिरवणारा माणूस आणि पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस, दोघं यांच्या लेखी एकाच लायकीचे.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, चमचा पुसून ठेवला.

"वय झालं तुझं, थंडाबाई," म्हणाले. "चव गेली."

चव कुठे गेली नव्हती. पहिल्याच घोटाला कळलं होतं. रम होती, कॉफी कडक होती, संत्र्याच्या सालीचा वासही होता. साखर तेवढी नव्हती. आणि साखर नसेल तर क्रीम तरंगत नाही, हे मला यांनीच शिकवलेलं. साखर विरघळली की कॉफीला वजन येतं, मग हलकं क्रीम तिच्यावर बसतं. यांनी साखर विसरणं म्हणजे शिंप्यानं सुईत दोरा न ओवता शिवत बसणं. उरलेली कॉफी मी कशीबशी संपवली आणि वर मिटक्याही मारल्या.

आमचे हे एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये चौतीस वर्षं होते. पांढरा शर्ट, काळं जाकीट, डाव्या हातावर घडी घातलेला नॅपकिन. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. जन्मभर लोकांना पाजली, पण स्वतः थेंब घेतला नाही. चमच्याचं टोक जिभेला लावायचे, तेवढंच. नातेवाइकांना हे कधी खरं वाटलं नाही. माझ्या आईनं तर लग्न ठरलं तेव्हा धसकाच घेतला होता. पहिलं वर्षभर जावई आले की ती काही ना काही निमित्तानं त्यांच्या जवळून जायची आणि हळूच वास घ्यायची. यांना ते कळायचं. मग हे मुद्दाम अगदी तिच्या नाकाशी उभे राहून तब्येतीची चौकशी करायचे.

मी कोल्ड स्टोरेजमध्ये होते. गोठवलेल्या मटारची आणि मक्याच्या दाण्यांची पाकिटं खोक्यांत भरायची, खोकी रचायची. उणे अठरा अंश. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. दोन हातमोज्यांवर तिसरा हातमोजा घालायचे, तरी बोटांची टोकं पाच-सहा वर्षांत मेलीच. आजसुद्धा मला सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळतं.

लग्न झालं त्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी कामावरून आले आणि दार वाजवायला मूठच मिटेना. शेवटी कोपरानं दार वाजवलं. मंगळवार हा यांच्या सुट्टीचा दिवस. यांनी दार उघडलं, माझे हात बघितले आणि तसेच आत गेले. कान असलेल्या काचेच्या ग्लासात गरम पाणी ओतलं, त्याला नॅपकिन गुंडाळला आणि ग्लास माझ्या दोन्ही हातांत दिला.

"आधी हात," म्हणाले. "मग बाकीचं."

बोटं सुटायला लागली तेव्हा यांनी पाणी ओतून टाकलं. त्याच गरम ग्लासात लालसर साखर घातली, रम घातली, कडक कॉफी ओतून ढवळली. बरणीत क्रीम हलवून घेतलं, जेमतेम दाट होईपर्यंत, आणि चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलं. शेवटी संत्र्याची साल चिमटीत पिळली. तिच्यातून उडालेले बारीक तुषार क्रीमवर पडले.

"हे काय?"

"औषध."

"हॉटेलात देता हे?"

"हॉटेलात व्हिस्की घालतात, पांढरी साखर घालतात. साल नसते. ही निराळी."

"मग हिला नाव काय?"

यांनी जरा विचार केला. "मंगळवार," म्हणाले.

तेव्हापासून दर मंगळवारी पाच वाजता मला मंगळवार मिळत आला. पुढे केव्हातरी हॉटेलच्या मॅनेजरला याचा सुगावा लागला. चूक माझीच, कोणाच्या तरी बायकोसमोर मी फुशारकी मारली होती. मॅनेजरला ती कॉफी मेनूवर हवी होती. यांनी साफ नकार दिला. प्रकरण इतकं चिघळलं की नोकरीवर बेतलं. मी घर डोक्यावर घेतलं. एका ग्लासभर कॉफीपायी पोटावर पाय आणता, लेकीच्या शाळेचा तरी विचार करा, असं काय काय बोलले.

"मेनूवर गेली की कोणीही मागणार," हे म्हणाले. "ती मागायची गोष्ट नाही."

मला काही ते पटलं नाही. दोन दिवस मी अबोला धरला. नोकरी राहिली, कॉफीही घरीच राहिली, आणि मॅनेजर पुढे दुसरीकडे गेला.

हे निवृत्त झाले तेव्हा हॉटेलानं बारमधलं एक जुनं उंच स्टूल यांना दिलं. यांनी मग आमच्या स्वयंपाकघराची बाहेरच्या खोलीकडची भिंत छातीइतकी उतरवून घेतली, तिच्यावर गुळगुळीत लाकडी फळी बसवली. आतून हे उभे, बाहेरून मी स्टुलावर. त्याच वर्षी माझंही काम सुटलं. आता मला गारठून यायचं काही कारणच उरलं नाही. तरीही मंगळवारी पावणेपाचला मी जुना कोट अंगावर चढवायचे, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारायचे आणि परत येऊन कोपरानं दार वाजवायचे.

"आली का थंडाबाई?" हे आतून ओरडायचे.

दोन म्हातारी माणसं आणि हा पोरखेळ. लेकीनं एकदा आम्हाला पकडलं तेव्हा ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली होती.

साखर विसरल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्याआधीही काही काही झालं होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. यांनी लेकीला स्वतःची बहीण समजून तिच्या सासूची चौकशी केली. एकदा माझं नाव सांगता आलं नाही. "थंडाबाई" मात्र राहिलं, म्हणून मीही सोडून दिलं. डॉक्टरांनी यांना चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं. यांनी घड्याळात बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, नावं जातील, रस्ते जातील, माणसं जातील. हातांना सवय झालेली कामं मात्र उशिरापर्यंत टिकतात.

मी तेवढं एक वाक्य घट्ट धरून घरी आले. बाकी सगळं जाऊ दे. कॉफी आहे तोवर मी आहे, अशी मी मनाशी खूणगाठच बांधली.

पण पुढच्याच मंगळवारी क्रीम पुन्हा बुडालं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मी दोन्ही वेळा ढवळलेल्या कॉफीचं कौतुक केलं. मग मी एक युक्ती काढली. कॉफी गाळून थर्मासमध्ये भरून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. मी त्या कॉफीतच साखर विरघळवून ठेवायला लागले. हे साखर विसरले तरी क्रीम वर राहायला लागलं. दोन मंगळवार झकास गेले. यांचा चेहरा खुलला, मला वाटलं आपण जिंकलो.

तिसऱ्या मंगळवारी यांना साखर आठवली.

क्रीम दुलईसारखं वर बसलं. हे खूश झाले. सवयीनं चमच्याचं टोक ग्लासात बुडवून जिभेला लावलं आणि तसेच थांबले.

"साखर कोणी घातली?"

"तुम्हीच तर घातलीत आत्ता."

"मी दोन चमचे घातली. ही चार चमच्यांची आहे."

यांनी थर्मासमधली कॉफी चमच्यावर घेऊन चाखली. मग चमचा खाली ठेवला, फळीवर दोन्ही हात टेकले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला ते आधीचे, बारमागचे मास्तर दिसले. सगळं लख्ख कळत असलेले.

"किती वेळा बुडालं?"

"एकदाच."

"थंडाबाई."

"तीनदा."

"आणि तू प्यायलीस."

"प्यायले. वर छान म्हटलं."

हे म्हणाले, "चौतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नाही. ग्लास बिघडला तर बिघडला म्हणायचं, ओतायचा, दुसरा करायचा. आणि तू माझ्याच घरात मला फसवतेस होय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटेल ना! वाटायला नको? अगं, मला कळतंय तोवर तरी वाटू दे."

मला तोंड वर करवेना. हे फळीवरून वाकले आणि माझी बोटं आपल्या हातात घेतली. मला टोकांना काही जाणवत नाही हे यांना ठाऊक होतं, म्हणून हे नेहमी मनगटापाशी धरायचे.

"यापुढे बुडालं तर बुडालं म्हणायचं," हे म्हणाले. "मला म्हण, पोरीला म्हण. लपवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

यांनी तो चार चमच्यांचा ग्लास मोरीत ओतला. मला नवी कॉफी गाळायला लावली, बिनसाखरेची. ग्लास पुन्हा गरम केला आणि पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी काही चुकलं नाही. साखर, रम, कॉफी, क्रीम, साल. मला वाटलं, माणूस परत आला. मी ती कॉफी बडबडत, हसत, घाईघाईनं प्यायले. यांच्या हातची ती शेवटची बरोबर कॉफी होती. तसं कोणी तेव्हा सांगितलं असतं तर मी ती इतक्या लवकर संपू दिली नसती.

पुढच्या मंगळवारी यांनी किटलीतलं उकळतं पाणी ग्लासाऐवजी स्वतःच्या मनगटावर ओतलं.

आमची लेक इस्पितळात एक्स-रे काढते. माणसाच्या आतलं बघायची सवय असल्यामुळे तिच्यापासून काही लपत नाही. रविवारी आली, बापाच्या हातावरची पट्टी बघितली आणि मला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. हे बाहेर खिडकीशी उभे राहून ग्लास पुसत होते. एकच ग्लास पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा पुसायचे.

"आई, बास झालं. ती किटली उचलून ठेव आता," लेक म्हणाली.

"किटली उचलली तर मंगळवार कसा करतील?"

"नाही केला तर काय होईल?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं पर्समधून एक कागद काढला. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक जागा होती, अशाच माणसांना सांभाळायची. बाग होती, सोबतीला कायम माणसं होती. तिथली एक खोली रिकामी होत होती आणि बुधवारी त्यांना काय ते कळवायचं होतं.

"माणूस घरात असताना त्याची खोली बाहेर बघायची?" मी म्हटलं.

"तुझ्या कंबरेचा एक्स-रे मीच काढलाय, आई. ते पडले तर तू उचलणार आहेस?"

"पडत नाहीत ते."

"बाबा तुला ओळखतात का?"

"हा काय प्रश्न झाला? नवरा आहे तो माझा."

"ते मला माहितीये. त्यांना माहितीये का? आज मला म्हणाले, ताई, तुमचं बुकिंग आहे का. खरं सांग. तुला हाक कधी मारली शेवटची?"

मी आठवून बघितलं. पाच दिवस झाले होते. पण पाच दिवसांचं काय एवढं, पूर्वी रुसले तर आठवडाभर बोलायचे नाहीत. मी लेकीला म्हटलं, "मंगळवारी बघ. मंगळवारी दार वाजलं की ते बरोबर ओळखतात. ओळखून मला कॉफी दिली, तर तू तो कागद फाडायचा. नाही दिली तर तू म्हणशील तसं."

"आणि तू मला खरं सांगशील?"

"तुझ्या बापाला शब्द दिलाय मी."

लेकीनं डोळे पुसले आणि कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी मी सकाळपासून अस्वस्थ होते. दुपारी कॉफी गाळली, बिनसाखरेची, आणि थर्मासमध्ये भरली. फळीवर सगळं यांच्या सवयीच्या क्रमानं मांडलं. साखरेचा डबा, बाटली, क्रीमची बरणी, लांब दांड्याचा चमचा, संत्रं, ग्लास. किटलीत पाणी गरम करून ठेवलं, पण उकळतं नाही. यांना पांढरा शर्ट घालून दिला. बटणं यांनी स्वतः लावली, एकही चुकलं नाही. मग नॅपकिन घेतला, घडी केली आणि डाव्या हातावर टाकला. माझा जीव भांड्यात पडला. आज सगळं ठीक होणार.

पावणेपाचला मी कोट चढवला आणि खाली गेले. कोपऱ्यापर्यंत गेले, तिथल्या दुकानाच्या काचेत केस नीट केले. या वयात नवऱ्याला ओळख पटावी म्हणून केस नीट करायची वेळ यावी! परत आले, जिना चढले आणि कोपरानं दार वाजवलं.

आतून हाक आली नाही.

पुन्हा वाजवलं. पावलं ऐकू आली, दार उघडलं. हे अदबीनं बाजूला झाले.

"या, बाईसाहेब. एकट्याच?"

मी लग्न झाल्यापासून यांना अहोच म्हणत आले, त्यामुळे माझ्या बाजूनं काही बदलायचं नव्हतं. यांनी मात्र मला जन्मात कधी असं मानानं आत घेतलं नव्हतं. मला उंबऱ्यातच बसावंसं वाटलं. पण म्हटलं, धीर सोडायचा नाही, अजून कॉफी बाकी आहे. मी जाऊन स्टुलावर बसले. हे आत गेले, फळीवरून एकदा नॅपकिन फिरवला आणि किंचित वाकून उभे राहिले.

"काय घेणार?"

"मंगळवार," मी म्हटलं.

यांचा हात थांबला. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी डोळे बारीक करून. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील थंडाबाई.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ऐकलंय."

"माफ करा, बाईसाहेब. ती मेनूवर नाही. दुसरं काहीही सांगा, करून देतो. ती तेवढी नाही."

"का?"

"ती माझ्या बायकोची आहे."

बुडालं तर बुडालं म्हणायचं. मी शब्द दिला होता. मी दोन्ही हातांनी फळी धरली आणि म्हटलं, "अहो, मीच ती. मीच तुमची बायको. बघा ना माझ्याकडे. थंडाबाई."

हे हसले. कुचेष्टेनं नाही. जरा जास्त झालेल्या गिऱ्हाइकाला सांभाळून घेताना हसतात तसे.

"तुम्ही पहिल्या नाही," म्हणाले. "त्या कॉफीसाठी लोक काय काय सांगून बघतात. आमच्या मॅनेजरसाहेबांनी पण पुष्कळ खटपट केली." मग ते पुढे झुकले, आवाज खाली आणला. "ती कोल्ड स्टोरेजमध्ये आहे. हात बघितलेत तिचे, तर तुम्हीसुद्धा मागणार नाही. लोकांना वाटतं रम महत्त्वाची. रमचं काही नाही हो. ग्लास महत्त्वाचा. तिला आधी हात गरम करायला लागतात."

मी कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि माझे हात फळीवर ठेवले, उताणे. यांनी ते पाहिले.

"तुमचेही गारठलेत," म्हणाले. "थांबा, साधी कॉफी देतो. आमच्याकडून."

यांनी मला कपात कॉफी दिली. बशी, बशीत चमचा, साखर वेगळी, कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे. एकही थेंब बशीत सांडला नाही. डॉक्टर म्हणाले होते ते खोटं नव्हतं. मग यांनी मंगळवारचा तो कानाचा ग्लास घेतला, किटलीतलं गरम पाणी त्यात भरलं, नॅपकिन गुंडाळला आणि फळीच्या टोकाला ठेवला. माझा हात आपोआप तिकडे गेला.

"तो नको," हे सौम्यपणे म्हणाले. "तो राखून ठेवलाय. येईलच ती आता, पाचला सुटते."

आणि दाराकडे बघत उभे राहिले.

मला रडू कोसळलं. ज्या माणसाची मी वाट बघत होते तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून माझीच वाट बघत होता, आणि मला पुढे काही करता येत नव्हतं. इतकं प्रेम कोणी आपल्यावर करतंय हे आपण परक्यासारखं बसून ऐकायचं. एवढ्या वर्षांत यांनी मला हे तोंडानं कधी सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं ते एका अनोळखी बाईला. यांनी माझ्याकडे न बघता एक कोरा नॅपकिन माझ्या बाजूला सरकवला. बारमध्ये रडणाऱ्या माणसाकडे बघायचं नसतं, हे यांनीच मला कधीतरी सांगितलेलं.

साडेपाचला फोन वाजला. लेक होती.

"आई, दिली का कॉफी?"

"साधी दिली. मंगळवार नाही दिला. तो बायकोसाठी आहे म्हणाले."

"म्हणजे ओळखलं नाही," लेक म्हणाली.

"नाही ओळखलं. सगळं करून बघितलं मी. मीच ती, असंसुद्धा सांगितलं. तू उद्या ये. तो कागद घेऊन ये."

ती रडायला लागली. "मी आत्ता निघते, आई. तू एकटी नको बसूस."

"आत्ता नको. आत्ता ते वाट बघतायत."

"कोणाची?"

"माझी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

यांनी ग्लासाला मनगट लावून बघितलं. पाणी निवलं होतं. ते ओतून टाकलं आणि किटली उचलली तर ती रिकामी. किटली हातात घेऊन हे स्वयंपाकघरात इकडून तिकडे बघायला लागले. नळ समोरच होता.

"द्या इकडे, मी भरते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला? तुम्ही बसा."

"बसून अंग आखडलं."

यांनी थोडं कचरत किटली दिली. मी आत गेले, पाणी भरलं, तापवलं. यांनी ग्लास पुन्हा भरला, नॅपकिन नीट गुंडाळला, वरचं टोक आत खोचलं. मी परत माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

"आज उशीर झाला तिला," हे म्हणाले.

"येईल," मी म्हटलं.

सहा वाजेपर्यंत आम्ही तीनदा पाणी बदललं.